एका थराची भिंत

प्रिय घारे,

तुझ्या डोळ्यांवरून तुला ही हाक मारणारी आता बहुतेक मी एकटीच उरले आहे आणि तूही रागवायचं कधीच सोडून दिलं आहेस, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आधी बातमी, मग बाकीचं, कारण आडवळणानं सांगितलं की तुझं डोकं फिरतं. माझ्या डोक्यात डाव्या बाजूला, बोलण्याचा कारभार जिथून चालतो त्या भागाला अगदी खेटून, बिघडलेल्या रक्तवाहिन्यांचा एक घोस सापडला आहे. तुतीच्या फळाएवढा असेल. एकदा थोडासा पाझरलाही आहे. पुढच्या आठवड्यात तो काढायचं ठरलं आहे. जीव जायची भीती फारशी नाही असं सगळे सांगतात आणि मलाही ते पटतं. काढताना माझे शब्द शाबूत राहतात की नाही, एवढाच प्रश्न आहे. आता खुर्चीत नीट बस आणि पुढचं वाच. मध्येच पाणी प्यायला उठू नकोस, वाईट बातमी ऐकली की तुला तहान लागते हे मला ठाऊक आहे.

झालं असं की एका सकाळी मी नेहमीसारखी मायक्रोस्कोपला डोळे लावून रिपोर्ट सांगत होते आणि आपल्या टायपिस्टबाई लिहून घेत होत्या. कुणाच्या तरी पित्ताशयाचा साधा तुकडा होता, झोपेतही सांगता येईल असा. "भिंतीमध्ये" इथपर्यंत आले आणि पुढचा शब्द आलाच नाही. विसरले असं नव्हे गं. विसरल्यावर निदान आपण काहीतरी शोधत असतो. इथे शोधायलाच काही नव्हतं. स्लाइड स्पष्ट दिसत होती, काय दिसतंय ते कळत होतं, आणि तोंड म्हणजे फोन उचलूनही पलीकडे कुणी नसावं तसं. बाईंना वाटलं, मी विचार करतेय. माझ्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर मी गप्प बसले की काय करायचं हे त्यांना पाठ आहे. त्यांनी खणातून शेंगदाणे काढले आणि शांतपणे खायला लागल्या. पुडी निम्मी झाली असेल तेव्हा शब्द परत आले. मी वाक्य पूर्ण केलं, रिपोर्ट संपवला, सही केली. नंतर तोच रिपोर्ट दुसऱ्याकडून तपासून घेतला, तर एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तेवढा अभिमान मला बाळगू दे. मग खाली गेले आणि कुणाला न सांगता स्वतःचा स्कॅन करून घेतला.

सर्जनला तू ओळखत नाहीस, तो तू नोकरी सोडून गेल्यावर आला. लांब बोटांचा, कमी बोलणारा. त्यानं माझं चित्र पडद्यावर लावलं आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी उठून पडद्यापाशी गेले आणि त्याला शिकवायला लागले: हा बघा घोस, ही भोवतीची काळी कड म्हणजे जुन्या रक्ताचं लोखंड, आत वेगवेगळ्या वयाचं रक्त साचलंय म्हणून असा ठिपकेदार दिसतोय. तो मान डोलवत राहिला. मला वाटलं, काय गुणी मुलगा आहे. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "मॅडम, आता जरा पेशंटबद्दल बोलू या का?" मी अक्षरशः मागे वळून पाहिलं, पेशंट कुठेय म्हणून. हस, हस. मीही हसले, तिथेच, आणि मग पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आपल्या धंद्याला जितकी फिट बसते तितकी दुसऱ्या कुणाला बसत नसेल. जन्मभर वाकून पाहिलं, आता माझं कुणीतरी पाहणार.

घरी सांगताना वेगळीच गंमत झाली. माझा नवरा पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर, त्याला रक्तवाहिनी म्हटलं की नळच दिसतो. तो रडला नाही, घाबरलाही नाही. जेवणाचं टेबल पुसून समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाला, काढून दाखव. मी काढून दाखवलं. आधी निरोगी धमनी: आत पेशींचं गुळगुळीत अस्तर, त्याबाहेर लवचीक तंतूंची नागमोडी पट्टी, त्याबाहेर स्नायूंचा जाड थर आणि वरून आवरण. रक्त जोरात आलं की ही भिंत ताणते आणि परत जागेवर येते. मग माझा घोस काढला: फुगलेल्या पोकळ्या, एकीला एक चिकटलेल्या, मध्ये मेंदूचा कणही नाही. प्रत्येकीला पेशींचा एकच थर आणि त्यामागे नुसता निबर, निर्जीव पदार्थ. स्नायू नाही, लवचीक पट्टी नाही. रक्त आत येतं आणि डबक्यासारखं संथ पडून राहतं, कुठे गोठतं, कुठे झिरपतं. त्यानं एकेका पोकळीवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाला, अशा भिंतीची लाइन पास कुणी केली? ठेकेदाराला काळ्या यादीत टाकायला हवं. मी सांगितलं, ठेकेदार मीच, आईच्या पोटात असताना किंवा नंतर कधीतरी, कुणाचा काही दोष नाही. त्यावर तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी मागे गेले नाही. त्याला एकट्याने रडू द्यायला हवं, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला कळलं आहे.

हे सगळं तुला पाठ आहे, तुझ्यापुढे लिहिणं म्हणजे सोनारालाच कान टोचायला शिकवावं तसं. तरी लिहिते, कारण लिहिताना मला बरं वाटतं. माझ्या हाताखालून असे किती घोस गेले असतील. लाल-गुलाबी रंगात ते किती देखणे दिसतात, नाही? गुलाबी कुंपणं आणि मध्ये लाल तळी. आणि कडेला त्या गंजाच्या रंगाच्या पेशी, सांडलेलं रक्त गिळून फुगलेल्या. लोखंड दाखवणारा रंग दिला की त्या निळ्याशार होतात आणि तू दरवेळी म्हणायचीस, बघ, झाडू मारणाऱ्या किती इमानी असतात, मालक केव्हाच पसार झाला तरी यांचं चाललंच आहे. परवा मी नवीन मुलांना शिकवताना हेच वाक्य तुझं नाव न घेता ठोकून दिलं. मुलांना फार आवडलं.

तुला तो बसचालक आठवतो का? आपण दोघी नुकत्याच मोठ्या सरांच्या हाताखाली लागलो होतो आणि त्या दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर समोरासमोर बसायचो. त्याच्या मेंदूतला तुकडा आला होता. सरांनी पाहिला, साधा घोस म्हणाले. मी पाहिला, साधा घोस म्हणाले. मी तर सरांच्या आधीच म्हणाले असते, माझा स्वभाव तुला माहीत आहे. तू मात्र स्लाइड सरकवत सरकवत अगदी काठाला नेलीस आणि थांबलीस. मग सरांना म्हणालीस, सर, लवचीक तंतूंचा रंग देऊन बघू या का, आणि ठोकळा अजून खोल कापू या का. सर वैतागले होते. पण दुसऱ्या दिवशी त्या रंगात, काठावरच्या एका नळीत, ती काळी रेघ दिसली: नागमोडी, मध्येच तुटलेली, मध्येच दुपदरी झालेली. म्हणजे ती धमनी होती. खोल कापल्यावर सगळंच उघडं पडलं. कुठे जाड कुठे पातळ भिंती, धमनी केशवाहिन्यांची बारीक वाट सोडून सरळ शिरेत घुसलेली, आणि नळ्यांच्या मधून मधून सुकलेला मेंदू. साधा घोस नव्हताच तो. जोराच्या रक्ताचा गुंता होता, आणि निम्मा आतच राहिला होता. त्याला परत टेबलावर घेतलं म्हणून तो वाचला. पुढे कित्येक वर्षं तो आपल्याला रस्त्यात दिसला की बस थांबवून हात करायचा आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात गं. तू अख्खं पातेलं ढवळून बघायचीस.

आता जे आपण कधी बोललो नाही ते लिहिते. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. विभागातल्या कुणाच्या घरचा तुकडा आला की तो ट्रे गुपचूप दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचा, आणि ज्याचं माणूस त्याने रिपोर्ट होईपर्यंत या मजल्यावर थांबायचं नाही. चांगली रीत आहे. पण भावजींचा तुकडा बाहेरच्या दवाखान्यातून आला, वर फक्त नंबर होता आणि त्यांनी तर तुला, स्वतःच्या बायकोला, तपासून घ्यायला गेल्याचंही सांगितलेलं नव्हतं. तुला त्रास नको म्हणून. तू ती स्लाइड पाहिलीस, नेहमीसारखी काठापर्यंत पाहिलीस आणि जे होतं ते स्वच्छ शब्दांत सांगितलंस. मी समोरच होते. तू मला म्हणालीसही, बिचारा, कोण आहे कुणास ठाऊक. दुपारी भावजी स्वतः जिना चढून आले आणि तुला बाहेर बोलावलं.

त्यानंतर वर्षभरात तू नोकरी सोडलीस, दुसऱ्या शहरात शिकवायला गेलीस, आणि जिवंत माणसाचा तुकडा पुन्हा बघणार नाही म्हणालीस. कपाटातल्या जुन्या स्लाइड्स बऱ्या, त्यांच्या मागून कुणी जिना चढून येत नाही, असं तू मला एकदा फोनवर म्हणाली होतीस. मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते. तो रिपोर्ट अचूक होता. भावजींना पुढे जे दिवस मिळाले, त्यांनी गच्चीत लावलेली ती वेडीवाकडी टोमॅटोची रोपं, आपण तिघांनी केलेला समुद्रकाठचा प्रवास, ते सगळं त्या अचूकपणामुळे मिळालं. हे ते मला स्वतः म्हणाले होते. म्हणाले, चिमटे, नशीब माझं, की हिनं पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर अजून तपासण्याच चालू असत्या. तुला हे सांगायचं आजवर राहून गेलं असं नाही. तू ऐकायच्या स्थितीत नव्हतीस. आता आहेस की नाही मला माहीत नाही, पण माझ्याकडे थांबायला वेळ नाही.

विभागाची खबर म्हणशील तर बरी आहे. कापकाका अजून आहेत. मेणाचा ठोकळा यंत्रावर लावून पापुद्र्यासारखे काप काढायचे आणि ते कोमट पाण्यावर तरंगवताना कुणी दार उघडलं की वारा आला म्हणून खेकसायचं, सगळं पूर्वीसारखंच. माझं कळल्यावर ते दिवसभर यंत्राची पाती पुसत बसले. संध्याकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, तुमचा ठोकळा मीच कापणार. दुसऱ्या कुणी हात लावला तर हात मोडून ठेवीन." हे प्रेम आहे की धमकी, मी विचारलं नाही. तुझ्या खुर्चीवर आता जो डॉक्टर बसतो तो हुशार आहे, मीच तयार केला आहे, पण माझं ऐकल्यापासून त्याचा चेहरा पांढराफटक पडला आहे. भेटेल तिथे सांगतो, मॅडम, साधाच घोस निघेल, काही काळजी करू नका. बघ म्हणजे! अजून तुकडा माझ्या डोक्यातच आहे आणि यानं रिपोर्ट देऊनही टाकला. आपल्या धंद्यात माणूस चुकतो तो इथेच. डोळे कमजोर असतात म्हणून नाही, आधीच काहीतरी हवं असतं म्हणून. त्याला मी बरी व्हायला हवी आहे. म्हणून त्याला काठावरचं दिसणार नाही.

अंदाज माझाही तोच आहे, हे कबूल करते. साधा घोस, मी पैजेवर सांगते. एकच आहे, म्हणजे घराण्यातून आलेला असायची शक्यता कमी. लेकीला मी हे पहिल्याच फोनमध्ये सांगितलं, तर ती म्हणाली, आई, मी माझ्याबद्दल विचारलं नव्हतं, आणि रागाने फोन ठेवला. येतेय ती या शनिवारी. पण जुन्या रक्ताच्या आडोशाला काय काय दडून बसू शकतं हे तुला आणि मला माहीत आहे. धमनीचा गुंता दडू शकतो, गाठसुद्धा दडू शकते. स्कॅनला सावली दिसते. खरं काय ते काचेवरच कळतं, आणि पुढे मला काय करावं लागणार हे त्यावरच ठरणार.

शस्त्रक्रियेत मला मध्येच जागं करणार आहेत. कवटी उघडी, मी जागी, आणि समोर बसलेली एक मुलगी मला चित्रं दाखवणार. छत्री, शिडी, बदक. मी नाव सांगत राहायचं आणि जिथे अडेन तिथून सर्जननं हत्यार मागे घ्यायचं. त्याची तालीम रोज चालते. काल माझं तिच्याशी बदकावरून भांडण झालं, कारण ते बदक नव्हतंच, हंस होता, मान बघ की जरा. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा "पेशंट वाद घालते". पण खरं सांगू का, तिच्या समोरून उठून आले की मी स्वच्छतागृहाचं दार लावून घेते आणि आतल्या आत सगळ्यांची नावं म्हणून बघते. नवऱ्याचं, लेकीचं, आईचं, तुझं. परवा एकदा लेकीच्या नावाला अडखळले. क्षणभरच, पण अडखळले. त्या क्षणाइतकी मी जन्मात कधी घाबरले नव्हते. तुला फोन न करता हे लिहीत बसले त्याचं कारणही तेच. फोनवर मी अडले असते तर तू पलीकडून एका सेकंदात ओळखलं असतंस, आणि मग बोलणं माझ्याच काळजीचं झालं असतं. लिहिताना मात्र शब्द अजून मुकाट्याने माझं ऐकतात.

तर आता मुद्द्याचं. घारे, माझा तुकडा तू बघ. सर्जनला सांगून झालं आहे, विभागप्रमुखांची परवानगी घेतली आहे, तुझी राहायची खोली नवऱ्याने झाडूनही ठेवली. तू नाही म्हणायच्या आधी मी पुढचं बोलते. ती आपली रीत घरच्या माणसांसाठी आहे, आणि तू माझी कायद्याने कुणीच लागत नाहीस, तेव्हा तो आडोसा घेऊ नकोस. यावेळी नंबर कुणाचा हे तुला आधीच माहीत असेल, मागून जिना चढून कुणी येणार नाही. तुलाच तो चढायचा आहे. काठापर्यंत बघ, हवे ते रंग दे, कापकाकांना हवं तितकं खोल कापायला लाव. जे दिसेल ते नक्की झालं की वर माझ्या खाटेपाशी ये आणि नवऱ्याला, लेकीला सांगायच्या आधी मला सांग. तेव्हा कदाचित मला बोलता येत नसेल. तू बोलतेस ते माझ्यापर्यंत पोचतंय की नाही, हेही माझ्याकडे बघून तुला कळणार नाही. तरी लहान मुलाशी बोलावं तसं माझ्याशी बोलू नकोस. हात कुरवाळू नकोस, सगळं छान आहे हं असं म्हणू नकोस, ते सगळेच म्हणत असतील. खुर्ची ओढून बस आणि बसचालकाचं सांगितलंस तसं सांग: भिंत कशी होती, स्नायू होता का, रेघ दिसली का, काठाला काय होतं. चांगलं असेल तरी, वाईट असेल तरी, एकही शब्द सोपा करू नकोस. माझ्या उत्तरासाठी थांबू नकोस, शेवटपर्यंत सांग. मी ऐकत असेन.

तुझीच,
चिमटी